उन्हाळी लागली म्हणून बारा दिवस घालवले (सोलापूर)

कन्नाचौकवाली | २२ एप्रिल, रात्री १०:१२

आईला काल घरी आणलं. पाच दिवस सलाईन आणि इंजेक्शनं झाली. आत्ता ती दिवाणावर झोपलीय आणि मी हे लिहायला बसलेय. या तीन आठवड्यांत मी जे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं, आणि तेच चुकीचं आपल्याकडे घराघरांत चालतं.

आई ६६ वर्षांची. बारा वर्षांपासून शुगर. पूर्व भागातल्या जुन्या घरात एकटी राहते, मी जुळे सोलापूरला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "उन्हाळी लागलीय गं." पारा ४२ वर होता, म्हटलं लागणारच. सब्जा भिजवून दिला, धने-जिऱ्याचं पाणी केलं, शहाळी नेऊन ठेवली. शेजारच्या आक्कांनी पायाच्या दोन्ही अंगठ्यांना चुना लावून दिला. चौथ्या दिवशीही जळजळ होतीच, म्हणून मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन सांगितलं. तीन गोळ्या आणि एक गुलाबी सिरप मिळालं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा तीन गोळ्या, या वेळी दुसऱ्या रंगाच्या.

बाराव्या रात्री दोनला फोन आला. "पांघरूण पुरेना गं." एप्रिलमध्ये, सोलापुरात! पंखा गरम हवा फेकत होता आणि आई दोन जाड चादरी घेऊन दात वाजवत होती. उजव्या कुशीत हात लावू देईना. उलट्या. दवाखान्यात सांगितलं, इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत चढलंय. कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघतात त्या तपासणीत, ई. कोलाय नावाचा जंतू निघाला आणि मी आणून दिलेल्या दोन्ही गोळ्यांच्या पुढे 'आर' लिहिलेलं होतं. म्हणजे त्या जंतूवर त्या चालतच नव्हत्या.

तिथल्या डॉक्टरांनी आईला विचारलं, "आजी, लघवी धरून ठेवता का?" आई माझ्याकडे बघायला लागली. मग हळूच सांगितलं. संडास अंगणापलीकडे, मध्ये दोन उंच पायऱ्या, गुडघा दुखतो, रात्री अंधार. म्हणून दुपारी चारनंतर ती पाणीच पीत नाही. गेली चार वर्षं. मी दर रविवारी जाते तिथे, आणि मला हे माहीत नव्हतं.

आता मला कळायचंय ते असं, की हे जंतू आले कुठून? आई इतकी स्वच्छ, की नळाचं भांडं कुणी उष्टं केलं तर परत घासते. आपल्याकडे पाणी चार-चार दिवसांनी येतं, ते साठवून ठेवल्यामुळे? की बाहेरच्या संडासामुळे? आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू?

शेंगाचटणी | २२ एप्रिल, रात्री १०:४०

ताई, वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे उन्हाळी म्हणजे शेंगाचटणी आणि कडक भाकरी जास्त झाल्याची शिक्षा, असंच लहानपणापासून ऐकलालो. आजी तर आठ दिवस तिखट बंद करायची. तिखटानं खरंच होतं का हे? होत असेल तर मला आयडी बदलावा लागेल.

पांढरा_कोट | २२ एप्रिल, रात्री ११:२५

आयडी राहू द्या. तिखटानं जंतू तयार होत नाहीत. काहींचं मूत्राशय हळवं असतं, त्यांना तिखट किंवा जास्त चहा-कॉफीनं चुरचुरतं इतकंच.

कन्नाचौकवाली ताई, आधी एक सांगते. तुम्ही वेगळं काही केलं नाहीत. माझ्या ओपीडीत एप्रिल-मेमध्ये 'उन्हाळी' म्हणून येणाऱ्या बायका जवळजवळ याच वाटेनं येतात, चुन्यासकट. खरं तर या आजाराचं नावच आपल्याला फसवतं. नावात ऊन आहे म्हणून आपण थंडावा शोधतो.

पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि तीही थोडी जळते. ती उन्हाळी दोन-चार तांबे पाण्यानं खरोखर जाते. त्यामुळे आजीचा उपाय 'लागू पडला' असं वाटतं. पण दिवसभर भरपूर पाणी पिऊनही जळजळ राहिली, दर अर्ध्या तासाला जावंसं वाटून चार थेंब झाले, ओटीपोटात दुखलं, लघवी गढूळ किंवा लालसर दिसली, की ते ऊन नाही, जंतू आहेत. त्यावर थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलटी आली, तर ते वर चढलेत. मग घरी एक रात्रही काढायची नाही.

आता जंतू आले कुठून. आईंचे जंतू आईंचेच आहेत. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि तिथे काही बिघडवत नाही. साध्या मूत्रसंसर्गांपैकी साधारण पाऊणशे टक्क्यांहून जास्त त्याच्यामुळे होतात. शौचाच्या जागेपासून तो त्वचेवरून पुढे सरकतो आणि मूत्रनलिकेत शिरतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर, पुरुषाची साधारण २०. एवढ्या फरकामुळेच हा आजार बायकांना इतका जास्त होतो. निम्म्याहून अधिक बायकांना आयुष्यात एकदा तरी होतोच, त्यात स्वच्छ-अस्वच्छ असा काही निवाडा नाही. तुमच्या आईंनी भांडी दोनदा घासली काय नि चारदा घासली काय.

या जंतूंच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांनी ते मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला धरून बसतात. त्यांना बाहेर काढायचं शरीराचं साधं साधन म्हणजे लघवीची धार. ती दर तीन-चार तासांनी वाहिली तर बरेच जंतू पाय रोवायच्या आत धुऊन जातात. दुपारी चारला पाणी बंद केलं आणि लघवी सहा-सात तास धरली, की आत कोमट साठवण तयार होते.

शुगरनं त्यात भर पडते. लघवीत साखर उतरते, प्रतिकारशक्ती मंदावते आणि जुन्या मधुमेहात मूत्राशयाच्या नसा सुस्त होऊन लघवी पूर्ण बाहेरच पडत नाही. तिसरं म्हणजे वय. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हॉर्मोन कमी होतं, योनीमार्गातले चांगले जंतू घटतात आणि ई. कोलायला मोकळं रान मिळतं. वारंवार होणाऱ्यांना त्यासाठी लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, त्यानं खेपा कमी होतात. आईंच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. आपल्याकडे 'या वयात कसली क्रीमं' म्हणून विषय मिटतो.

नळाच्या साठवलेल्या पाण्यानं जुलाब होतील, कावीळ होईल, लघवीचं इन्फेक्शन नाही. संडासाच्या भांड्यावरूनही ते उडून येत नाही.

मेडिकलवाला | २३ एप्रिल, सकाळी ८:०५

डॉक्टर बोलल्या ते बरोबर. पण सगळा राग आमच्यावर काढू नका. सकाळी दुकान उघडलं की दहा वाजेपर्यंत चार जण येतात, "लघवीला जळतंय, काहीतरी द्या." चिठ्ठी मागितली तर म्हणतात, डॉक्टरची फी द्यायची असती तर तुझ्याकडे कशाला आलो असतो. मी नाही दिलं तर पुढच्या चौकात मिळतं.

नियम सांगतो. पाकिटावर उभी लाल रेघ असली की ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. २०१४ पासून 'शेड्यूल एच-वन' नावाची औषधांची यादी आहे. त्यातल्या औषधांची, सेफिक्झाइम हे अँटिबायोटिकसुद्धा त्यात येतं, वेगळ्या रजिस्टरात नोंद लागते. लिहिणारा डॉक्टर, पेशंट, औषध किती दिलं, सगळं. ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. माझ्याकडे आहे. सगळ्यांकडे असेल असं म्हणत नाही.

आणि तीन गोळ्यांचं गणित गिऱ्हाइकच करतं. दहाची पट्टी दाखवली की "आधी तीन द्या, गुण आला तर बघू."

कन्नाचौकवाली | २३ एप्रिल, सकाळी ९:१८

दादा, राग माझाच माझ्यावर आहे. "तीनच द्या" हे वाक्य माझंच होतं.

काचपट्टी | २३ एप्रिल, दुपारी २:३०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कल्चरबद्दल लिहितो, कारण अर्धे घोळ आमच्या टेबलावर पोचायच्या आधीच झालेले असतात.

परवाचीच गोष्ट. एक सद्गृहस्थ बायकोचा नमुना घेऊन आले. बाटली होमिओपॅथीच्या गोळ्यांची, धुतलेली. सकाळी साडेसातला भरलेली, मग गाडीच्या डिकीत टाकून आधी मुलाला शाळेत सोडलं, मग बँकेत गेले, मग सात रस्त्याला चहा, आणि साडेबाराला आमच्याकडे. एप्रिलमधल्या डिकीत काय तापमान असतं ते सांगायला नको. ई. कोलाय त्याला मानवणाऱ्या उबेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सकाळी शंभर असले तर दुपारपर्यंत किती, ते शाळेतली मुलंही सांगतील. असल्या नमुन्याचं कल्चर पॉझिटिव्ह येणारच, पण त्यातून बाईंना इन्फेक्शन आहे की डिकीला, ते मी सांगू शकत नाही. परत पाठवलं. चिडले.

लॅबमधून निर्जंतुक डबी घ्या. जागा साध्या पाण्यानं धुवा, अँटिसेप्टिक नको. पहिली धार सोडून द्या, मधली धार डबीत, शेवटची पुन्हा बाहेर. झाकणाच्या आत बोट लावू नका. तासाभरात, फार तर दोन तासांत पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, हो, पिशवीत बांधून भाजीच्या कप्प्यात, घरच्यांनी नाकं मुरडली तरी. आणि महत्त्वाचं म्हणजे अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी नमुना द्या. गोळ्या चालू असताना दिलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काही उगवतच नाही आणि मग खरा जंतू कोणता ते कळत नाही.

युरिन रुटीन, म्हणजे लघवीची साधी तपासणी, तासा-दोन तासांत होतं. त्यात पस सेल्स म्हणजे पू-पेशी दिसतात, नायट्राइट पॉझिटिव्ह असलं तर ई. कोलायसारख्या जंतूंचा संशय बळावतो. पण कोणता जंतू आणि कोणतं औषध, हे फक्त कल्चर सांगतं. आम्ही नमुन्याचा मोजका थेंब जंतू वाढवायच्या प्लेटवर ओढून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतो. मॅक्काँकी नावाच्या प्लेटवर ई. कोलाय असला तर सकाळी गुलाबी ठिपके उगवलेले असतात. मग तोच जंतू दुसऱ्या प्लेटभर पसरून त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवतो. जे औषध चालतं, त्या चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. गोलाचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून 'एस' (चालतं) किंवा 'आर' (चालत नाही) लिहायचं. औषध चालत नसेल तर जंतू चकतीला अगदी टेकून उगवतात. दोन-तीन दिवस जातात ते यात. "इतका वेळ काय करता?" असं विचारणाऱ्यांसाठी.

एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू हा जुना ठोकताळा. त्याच्यावर गेलं की इन्फेक्शन धरतात. पण लक्षणं स्पष्ट असली तर डॉक्टर कमी आकडाही मोजतात. आणि तीन-चार प्रकारचे जंतू एकदम उगवले, तर ती बहुतेक नमुना घेतानाची चूक असते.

जाता जाता. ई. कोलायमधला 'ई' म्हणजे एशरिख. या बालरोगतज्ज्ञाला १८८५ मध्ये हा जंतू सापडला, तो तान्ह्या बाळांच्या शीमध्ये. इतका तो आपल्या घरचा.

सातवा_महिना | २३ एप्रिल, दुपारी ३:१०

मला काहीच होत नाहीये, तरी डॉक्टरांनी तिसऱ्या महिन्यात कल्चर करायला लावलं आणि जंतू निघाले म्हणून औषध दिलं. सासूबाई म्हणतात उगाच गोळ्या. घेतल्या, पण मनात शंका राहिली.

पांढरा_कोट | २३ एप्रिल, दुपारी ४:०२

उगाच नाही. इतरांच्या लघवीत जंतू निघाले आणि त्रास काहीच नसेल, तर सहसा औषध देत नाहीत. गरोदरपण हा त्याला ठळक अपवाद आहे. गर्भाशयाचा दाब आणि हॉर्मोन यांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, जंतू वर चढायला रस्ता मोकळा होतो. औषध न देता सोडलेल्या दर तीन-चार जणींपैकी एकीला मूत्रपिंडाचं इन्फेक्शन होऊ शकतं आणि त्यातून दिवस भरायच्या आत कळा येण्याचा धोका वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी चोख काम केलंय. पुढच्या तपासणीला पुन्हा कल्चर सांगतील, ते करा. सासूबाईंना हे वाचून दाखवा.

निसर्गमित्र_५६ | २३ एप्रिल, सायं. ६:२०

अँटिबायोटिकच्या नादी लागलं की असंच होतं. आमच्या घरात ४० वर्षं गोखरू, वाळा, धने याशिवाय काही नाही. मूळ कारण शरीरातली उष्णता. ती काढा, जंतू आपोआप जातील.

शिलाईमशीन | २३ एप्रिल, रात्री ९:४५

मी आधी वाचून गप्प बसणार होतो. पण ताईंनी खरं लिहिलंय, तर मीही लिहितो.

माझं युनिफॉर्म शिवायचं छोटं युनिट आहे. चौदा बायका मशीनवर. फेब्रुवारी ते जून शाळांच्या ऑर्डरी, पीसवर पैसे. संडास एकच, तोही जिन्याखाली, कडी न लागणारा. दोन वर्षांपूर्वी सीझनमध्ये मी बायकांना म्हणालो होतो, "सारखं सारखं उठू नका, लाइन तुटते." कॉलरवालीचं काम थांबलं की बाहीवाली बसून राहते, असा हिशेब. कुणी काही बोललं नाही. पण नंतर दिसायला लागलं, की घरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या संध्याकाळी तशाच भरलेल्या परत जातात. पत्र्याखाली, एप्रिलमध्ये. त्या मोसमात तिघी-चौघी लघवीच्या तापानं आजारी पडल्या, एक आठ दिवस आली नाही. मी बायकोजवळ कुरकुर केली, तर ती म्हणाली, "तू एक दिवस त्या संडासात जाऊन दाखव."

गेलो. कडी बसवली, दिवा लावला, दाराबाहेर नळ घेतला. आठ-नऊ हजार खर्च आला. आता अकरा आणि चारला मशीनं दहा मिनिटं बंद. पीस कमी झालेले नाहीत. पण तेव्हा मी ते वाक्य बोललो होतो, ते बोललोच होतो.

विड्या वळणाऱ्या आमच्या मावशीचंही तेच. मांडीवर सूप घेऊन बसली की हजार विड्या होईपर्यंत उठत नाही. पाणी प्यायलं तर उठावं लागतं, म्हणून पीत नाही.

पांढरा_कोट | २३ एप्रिल, रात्री १०:५५

शिलाईमशीन, कडीबद्दल तुमचे आभार मानते. माझ्या दहा चिठ्ठ्यांपेक्षा ती जास्त कामाची आहे. घाण संडासातून इन्फेक्शन 'लागतं' असं बायकांना वाटतं, म्हणून त्या दिवसभर जातच नाहीत, आणि खरा घात त्या न जाण्यानं होतो.

पाण्याचं म्हणाल तर यावर चांगला अभ्यास झालेला आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वारंवार मूत्राशयाचं इन्फेक्शन होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका घेतल्या, निम्म्यांना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. बाकी काही बदललं नव्हतं.

निसर्गमित्र, धने-वाळ्याशी माझं भांडण नाही. मीही पिते. त्यानं पाणी पोटात जातं, ते चांगलंच. थोडी इन्फेक्शनं शरीर आपलं आपण आवरतंही, त्याचं श्रेय मग काढ्याला मिळतं. पण मधुमेही, गरोदर, वयस्क, लहान मूल, पुरुष, किंवा ज्यांना ताप आहे, त्यांच्यात 'आपोआप जातील' यावर मी पैज लावत नाही. ताईंच्या आईंचे बारा दिवस याच पैजेत गेले.

गुलाबी सिरपबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. ते लघवीची आम्लता कमी करून आग शमवतं. जंतू मारत नाही. आग शमली की माणसाला वाटतं बरं झालं. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन नावाचं जे औषध आपण आता मूत्राशयाच्या साध्या इन्फेक्शनला पहिल्यांदा देतो, ते आम्ल लघवीत जास्त चांगलं काम करतं. म्हणजे दोन्ही एकत्र देणं हे एका हातानं देऊन दुसऱ्यानं काढून घेण्यासारखं.

हे नायट्रोफ्युरँटॉइन १९५० च्या दशकातलं जुनं औषध. मधल्या काळात नॉरफ्लॉक्स, सिप्रो या अँटिबायोटिकांच्या गर्दीत मागे पडलं होतं. ती औषधं आपण जुलाबाला, तापाला, कशालाही इतकी वाटली की आपल्या ई. कोलायला त्यांची भीतीच राहिली नाही. जुनं औषध मात्र अजून बऱ्यापैकी चालतं. साधारण पाच दिवस, जेवणासोबत. लघवी गडद पिवळी-तपकिरी होते, घाबरायचं नाही. पण ते लघवीत साठतं, रक्तात आणि मूत्रपिंडाच्या मांसात पुरेसं पोचत नाही. म्हणून थंडी-ताप आणि कुशीतलं दुखणं असेल तर ते चालत नाही. मूत्रपिंडं बरीच कमजोर असतील तरी नाही, आणि गरोदरपणाच्या अगदी शेवटीही नाही. दुसरं फॉस्फोमायसिन, ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच. मूत्रपिंडाच्या इन्फेक्शनला सात ते चौदा दिवसांचं औषध लागतं, उलट्या असतील तर सुरुवात इंजेक्शननं.

हे वाचून कुणी मेडिकलमध्ये जाऊन नावानं मागू नका. मेडिकलवाला दादा, तुम्ही देऊ नका.

मेडिकलवाला | २३ एप्रिल, रात्री ११:०२

नाही देत. स्क्रीनशॉट घेऊन येतील उद्या सकाळी, बघाच.

निवृत्त_मास्तर | २४ एप्रिल, सकाळी ६:३०

पुरुषांचं कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. वय ७४. प्रोस्टेट वाढलेली. रात्री पाच वेळा उठायचो, धार बारीक, करून आलो तरी राहिल्यासारखं. सोनोग्राफीत लघवी केल्यानंतरही १८० मिली आत शिल्लक निघाली. नंतर लघवी पूर्ण अडली आणि नळी घालावी लागली. ती दीड महिना होती.

त्या दीड महिन्यात एका ठिकाणी माझी चार कल्चर केली. चारही वेळा जंतू, चारही वेळा नवं अँटिबायोटिक. मला ना ताप होता, ना दुखणं. पाचव्या वेळी मुलानं दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "मास्तर, नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू निघणारच, काही आठवड्यांत सगळ्यांच्याच निघतात. तुम्हाला त्रास आहे का? मग नळीला कशाला औषध देताय?" त्यांनी औषध बंद केलं, नळी लवकर काढली, प्रोस्टेटचा इलाज केला. त्यानंतर त्रास नाही.

पिशवी कायम कमरेच्या खाली ठेवायची आणि नळी-पिशवीचा जोड उगाच सोडायचा नाही, एवढं मी शिकलो. नातू पिशवी खाटेवर ठेवायचा, उलट वाहून येतं ते.

शेंगाचटणी | २४ एप्रिल, सकाळी ९:०५

मास्तर, नमस्कार. सगळं वाचलालो. क्रॅनबेरी ज्यूस विकणारा एक जण आमच्या ऑफिसात येतो, साडेचारशेची बाटली. चालतं का ते? की करवंदावर भागेल?

पांढरा_कोट | २४ एप्रिल, दुपारी १:१५

वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये क्रॅनबेरीनं खेपा काहीशा कमी होतात, असं दिसलंय. झालेलं इन्फेक्शन त्यानं बरं होत नाही. आणि बाटलीतली साखर बघा, विशेषतः मधुमेह असेल तर. करवंदाचं मला माहीत नाही, पण करवंदं खा, छान लागतात.

मास्तरांचा मुद्दा वृद्धांच्या बाबतीत फार मोलाचा आहे. लघवीला वास आला किंवा रिपोर्टात पस सेल्स आले, एवढ्यावर औषध सुरू करायचं नसतं. आणि उलटही सांगते. पस सेल्स वारंवार येतायत पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असं असेल तर गोळ्या बदलत बसू नका. खडा असू शकतो, इतर आजार असू शकतात आणि आपल्या देशात मूत्रमार्गाचा टीबीसुद्धा. टीबीचा जंतू नेहमीच्या कल्चरमध्ये उगवत नाही, त्याची तपासणी वेगळी सांगावी लागते.

राहिलेलं एक, जे ओपीडीत बायका दाराजवळ गेल्यावर वळून विचारतात. नवराबायकोच्या संबंधांनंतर एक-दोन दिवसांत जळजळ सुरू होणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. त्या वेळी जंतू आत ढकलले जातात. त्यात कुणाचं चारित्र्य येत नाही. नंतर लगेच लघवीला जाऊन यावं. नव्या सुनेला लग्नानंतर महिनाभरात हा त्रास झाला तर "हिला माहेरूनच काहीतरी होतं" असं बोलणारी घरं मी पाहिलीत.

आणि मुलींना धुवायला शिकवताना हात पुढून मागे, हे तीन वर्षांची असल्यापासून.

कन्नाचौकवाली | २९ एप्रिल, रात्री ९:५०

उशिरा लिहितेय. तोंडी गोळ्यांचा कोर्स परवा संपला. आई खरंच बरी आहे, काल तिनं मला भाजीत मीठ कमी आहे म्हणून सुनावलं.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून सोनोग्राफी केली. खडा नाही, लघवीनंतर थोडी शिल्लक राहते. शुगरचं औषध थोडं बदललं. क्रीमबद्दल विचारलं, दिलं. आईनं कागद उलटसुलट वाचला आणि "बघू" म्हणाली. लावतेय.

संडासाचं मात्र महाभारत झालं. मी कमोडची खुर्ची आणली, रात्री खाटेजवळ ठेवायला. आईनं हातच लावला नाही. तिच्या खोलीत देव्हारा आहे ना. "देवाच्या खोलीत हे? मी मेले तरी नाही." मी म्हटलं, देव स्वयंपाकघरात हलवू. तर म्हणाली, "पन्नास वर्षं तिथं आहेत ते. ते नाही हलायचे." दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी गेले तर तिनं शेजारच्या पोरांकडून स्वतःची खाट मागच्या पडवीत नेऊन टाकली होती. तिथून संडास आठ पावलांवर, पायऱ्या नाहीत. पोरांनी भिंतीला पाइपचा धरायचा दांडा बसवलाय. मी दिवा लावून घेतला.

काचपट्टी दादा, कोर्स संपल्यावर कल्चर परत करायचं का? आई म्हणते एकदा खात्री करू.

काचपट्टी | २९ एप्रिल, रात्री १०:३०

त्रास काही नसेल तर सहसा गरज नसते. उगाच केलं आणि दोन जंतू निघाले की मास्तरांसारखं चक्र सुरू व्हायचं. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलं तरच. पुन्हा जळजळ झाली तर मात्र गोळीच्या आधी नमुना, आणि डिकीत नाही.

कन्नाचौकवाली | २९ एप्रिल, रात्री १०:४४

डिकीत नाही. :)

पाण्याचं आता असं ठरलंय की सकाळपासून संध्याकाळी सातपर्यंत पाच तांबे, सातनंतर घोटभरच, म्हणजे रात्री उठावं लागत नाही. तिला मोजायला सोपं म्हणून देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर खडूनं रेघा मारते ती. आज दुपारी तीनला फोन केला तर म्हणाली, "तिसरी रेघ झाली. आणि तू किती प्यायलीस गं सकाळपासून?"

बँकेत काउंटरवर होते. सकाळी भरून आणलेली बाटली तशीच होती.